आपल्या हातचे आणि हाताबाहेरचे

पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीचे जे टेकाड आहे, तेथे १९४४ ते १९४६ या काळात झालेल्या उत्खननात समुद्रदेव पोसायडन याची एक लहानशी ब्राँझची मूर्ती सापडली. ती रोमन साम्राज्याच्या भरभराटीच्या काळातील, म्हणजे इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील आहे असे विद्वानांचे मत असून, कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधील संग्रहालयात ती कोणासही पाहावयास मिळते. हजारो कोसांवरील सागराचा देव सह्याद्री ओलांडून आमच्या नदीकाठी कसा आला, याचे उत्तर अवघड नाही. व्यापाराने आला. त्या काळी पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांतून आमचा माल तिकडे जाई व तिकडचा माल घाट चढून इकडे येई. मूर्ती आल्या, भांडी आली, आरसे आले. परंतु त्याच लोकांनी त्याच शतकांत जो एक मोलाचा विचार जगापुढे मांडला, तो मात्र त्या बैलांच्या पाठीवरून येथवर पोचला असे दिसत नाही. तो माल आज आपल्या पेठेत उतरवून घ्यावा व पारखून पाहावा, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहो.

हा विचार स्टोइक पंथाचा होय. त्याचा संस्थापक झीनो हा सायप्रस बेटातील एक व्यापारी होता. जांभळ्या रंगाचा मोलवान माल भरून निघालेले त्याचे गलबत बुडाले व तो नागवला जाऊन अथेन्स नगरीस आला. तेथे एका पुस्तकविक्याच्या दुकानी बसला असता सॉक्रेटिसाविषयीचे लेखन त्याच्या कानी पडले आणि त्याच्या आयुष्याची दिशा बदलली, अशी कथा प्राचीन चरित्रकारांनी सांगितली आहे. गलबत फुटले तीच आपली सफर खरी फायद्याची झाली, असे तो पुढे म्हणत असे म्हणतात. ख्रिस्तपूर्व ३०० च्या सुमारास त्याने शिकविण्यास आरंभ केला, तो कोणा मठात किंवा राजवाड्यात नव्हे, तर भर बाजारातील एका चित्रे काढलेल्या ओसरीत. ग्रीक भाषेत ओसरीस 'स्टोआ' म्हणतात. त्यावरूनच पंथास हे नाव पडले. आमच्या वाचकांस येथे देहूच्या वाण्याची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. दुष्काळात ज्याचे दुकान बसले, ज्याची पत्नी व पुत्र गेले आणि ज्याने आपल्या वाट्याची खतपत्रे इंद्रायणीत सोडली अशी परंपरा सांगते, तो तुकोबाही व्यापारीच होता. दिवाळे निघणे म्हणजे माणूस संपणे नव्हे, ही गोष्ट दोन भिन्न देशांत दोन वाण्यांनी आपल्या आयुष्याने सिद्ध केली आहे. दोघांचे मार्ग निराळे. एकाने विवेकाचा आश्रय केला, दुसऱ्याने भक्तीचा; परंतु बुडालेल्या मालाबरोबर दोघांपैकी कोणीही स्वतःस बुडू दिले नाही.

या पंथाचे मर्म काय, असे कोणी विचारील तर ते व्यापाऱ्याच्या भाषेतच सांगता येईल. जगातील सर्व गोष्टींची खतावणी दोन खात्यांत करावयाची. एका खात्यावर आपल्या हातच्या गोष्टी मांडावयाच्या, म्हणजे आपले मत, आपली इच्छा, आपला प्रयत्न व आपली वर्तणूक. दुसऱ्या खात्यावर आपल्या हाताबाहेरच्या गोष्टी जातात. पाऊसपाणी, बाजारभाव, लोकांचे बोलणे, शरीराचे आजार, आणि अखेर स्वतःचे व जिवलगांचे मरण. मनुष्याचे बहुतेक दुःख व त्याची बहुतेक नीतिभ्रष्टता या दोन खात्यांची सरमिसळ केल्याने उत्पन्न होते. शाहूपुरीतील गुळाच्या सौद्यात उद्या काय भाव फुटेल हे कोणाही अडत्याच्या हाती नाही. परंतु वजन खरे ठेवणे, मालाची प्रत जशी असेल तशी सांगणे, शेतकऱ्याची पट्टी वेळेवर चुकती करणे व दिलेला शब्द पाळणे हे सर्वस्वी त्याच्या हाती आहे. जो भावाच्या चिंतेने रात्र जागून काढतो व सकाळी काट्यात खोट करतो, त्याने जे हाताबाहेरचे होते त्याचा ध्यास घेतला व जे हातचे होते ते सोडून दिले. स्टोइकांच्या दृष्टीने खरे दिवाळे हेच. पैसा गेला तर तो फिरून मिळू शकतो. परंतु सचोटी गेली तर ती आपणच टाकलेली असते, कोणी चोरलेली नसते.

येथे कोणी म्हणेल की, हा तर आमचा जुनाच दैववाद झाला! ललाटी लिहिले ते टळत नाही, असे म्हणत हात जोडून बसण्याची आमच्या लोकांस आधीच सवय आहे. तीत या परदेशी शिकवणीची भर कशास? हा आक्षेप वरवर खरा वाटतो, परंतु तो टिकणारा नाही. स्टोइकांनी तिरंदाजाचा एक मार्मिक दृष्टांत दिला आहे. धनुष्य नीट ठेवणे, नेम धरणे, हात कसणे, श्वास आवरणे व योग्य क्षणी बाण सोडणे हे सर्व तिरंदाजाचे काम. त्यात त्याने तिळमात्र कसूर करता कामा नये. बाण सुटल्यावर मात्र वारा आला किंवा लक्ष्य हलले तर तो त्याचा दोष नव्हे. दैववादी मनुष्य बाण सोडीतच नाही. उतावळा मनुष्य बाण चुकला म्हणून धनुष्य मोडून टाकतो. ज्ञाता मनुष्य पुढचा बाण लावतो. या तिघांतील भेद ज्याच्या ध्यानी आला त्यास स्टोइक विचार व दैववाद यांतील भेद निराळा सांगण्याचे कारण उरत नाही.

आणखीही एक गोष्ट येथेच स्पष्ट केली पाहिजे. सहनशीलतेचा उपदेश करणारे लोक आमच्याकडे थोडे नाहीत. दुर्दैव एवढेच की, तो उपदेश ते दुसऱ्यास करतात. भरल्या पोटी मनुष्य उपाशास संतोष शिकवितो, वरच्या पायरीवरचा खालच्या पायरीवरच्यास पूर्वकर्म सांगतो, आणि पुरुष विधवेस धीर धरावयास सांगून आपण दुसरे लग्न करतो. हा स्टोइक विचार नव्हे; ही त्याची विटंबना होय. सम्राट मार्कस ऑरेलियस याने जे टिपण लिहून ठेवले ते दुसऱ्या कोणास शहाणे करण्यासाठी नव्हते. डॅन्यूब नदीच्या काठी लष्कराच्या छावणीत, रोगाची साथ व लढाई यांच्या धामधुमीत, त्याने ते स्वतःस बजाविण्यासाठी लिहिले. या शिकवणीचा पहिला नियम म्हणून आम्ही हाच सांगू की, ती आरशासारखी वापरावी, काठीसारखी वापरू नये. स्वतःचे दुःख धैर्याने सोसावे. दुसऱ्याचे दुःख मात्र सोसू नये, ते दूर करण्यास धावावे.

हे केवळ पुस्तकी बोलणे आहे असे ज्यास वाटत असेल त्याने दूर रोमला जाण्याचे कारण नाही. कोल्हापूरच्याच इतिहासात याचे उदाहरण आहे. छत्रपती शाहू महाराज १८९४ साली गादीवर आले आणि दोनच वर्षांत १८९६-९७ चा दुष्काळ पुढे उभा राहिला. त्याच्या पाठोपाठ प्लेग आला. पाऊस पाडणे राजाच्या हाती नव्हते. परंतु स्वस्त धान्याची दुकाने उघडणे, लोकांस कामे देणे व गुरांच्या चाऱ्याची तजवीज करणे हे हाती होते, आणि ते त्यांनी केले. पुढे १९१८ च्या जून महिन्यात त्यांचे धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी हे शिकारीच्या वेळी अपघात होऊन ऐन तारुण्यात वारले. त्यांच्या पत्नी इंदुमतीदेवी त्या वेळी अगदी कोवळ्या वयाच्या होत्या; लग्नास जेमतेम वर्ष झाले होते. पुत्रशोकाने पित्याचे हृदय विदीर्ण झाले, यात नवल ते काय? परंतु त्या शोकातून महाराजांनी काय केले हे पाहण्यासारखे आहे. रूढीप्रमाणे त्या बालविधवेस अंधाऱ्या खोलीत कोंडून न ठेवता त्यांनी तिच्या शिक्षणाची व्यवस्था केली. घरच्यांचा व सनातन्यांचा विरोध असताही केली. आणि त्याच १९१८ साली महार समाजास वेठीस जखडून ठेवणारी वतनाची पद्धत मोडण्याचे काम त्यांनी हाती घेतले. मुलगा परत आणणे हाताबाहेरचे होते. सुनेचे आयुष्य उजळणे व गुलामगिरीची एक कडी तोडणे हातचे होते. महाराजांनी स्टोइकांचे ग्रंथ वाचले होते की नाही, हा प्रश्न आमच्या मते गौण आहे. त्यांची कृती त्या ग्रंथांस शोभणारी होती, इतके पुरे आहे.

तिरंदाजाच्या दृष्टांताचेही उत्तम उदाहरण याच चरित्रात सापडते. भोगावती नदीवर राधानगरीचे धरण बांधण्याचे काम महाराजांनी १९०९ च्या सुमारास सुरू केले. एका लहानशा संस्थानास न झेपणारा तो खर्च होता. पैशाअभावी काम रखडले व महाराज ६ मे १९२२ रोजी निवर्तले तेव्हाही ते अपुरेच होते. पुढे देश स्वतंत्र झाल्यावर ते पूर्णत्वास गेले. ज्याने पाया घातला त्यास भरलेला तलाव पाहावयास मिळाला नाही. म्हणून ते श्रम वाया गेले असे आज त्या पाण्यावर उसाचा मळा फुलविणारा कोण शेतकरी म्हणेल?

स्टोइक पंथाचा जो भाग सुधारकांस विशेष प्रिय वाटावा तो त्याचा समतेचा सिद्धांत होय. सर्व मनुष्यांत एकच विवेक वास करतो, म्हणून सर्व मनुष्ये एकाच नगरीचे नागरिक आहेत, असे ते म्हणत. त्यांच्या आचार्यांची मालिकाच पाहा. झीनोचा शिष्य व वारस क्लिअँथीस हा रात्री बागांस पाणी ओढून पोट भरी व दिवसा अध्ययन करी. एपिक्टेटस हा जन्माने गुलाम व पायाने लंगडा. तो पुढे रोममध्ये शिकवू लागला आणि डोमिशियन बादशहाने तत्त्ववेत्त्यांस हद्दपार केले तेव्हा निकोपोलिस येथे जाऊन त्याने आपली शाळा चालविली. त्याच गुलामाच्या वचनांचा अभ्यास पुढे सम्राट मार्कस याने शिष्यभावाने केला. एपिक्टेटसचा गुरू म्युसोनियस रुफस याने तर मुलींसही मुलग्यांप्रमाणे तत्त्वज्ञान शिकवावे असे इसवी सनाच्या पहिल्या शतकात प्रतिपादिले. ज्ञानाचा अधिकार जन्मावरून ठरविणाऱ्यांनी या मालिकेकडे डोळे उघडून पाहावे, अशी आमची त्यांस सूचना आहे.

तथापि परदेशी माल म्हणून त्यातील खोट झाकावी, हा आमचा धंदा नव्हे. गुलामही मनुष्यच आहे असे सांगणाऱ्या या पंथाने गुलामगिरी मोडली नाही. सेनेकाने आपल्या गुलामांसमवेत जेवणाऱ्या मित्राची पत्रातून वाहवा केली. परंतु स्वतः तो अपार संपत्तीचा व पुष्कळ गुलामांचा धनी राहिला. मार्कसच्या हाती सबंध साम्राज्य होते. त्यानेही ती प्रथा उठविली नाही. मन मुक्त असले म्हणजे पुरे, बाहेरच्या बेड्यांचे एवढे काय, अशी पळवाट त्यांच्या विचारात राहून गेली. याच ठिकाणी आमच्या करवीरचा राजा त्या रोमन सम्राटाच्या पुढे गेला, असे आम्ही अभिमानाने म्हणतो. २६ जुलै १९०२ च्या हुकुमाने मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या नोकरीतील निम्म्या जागा राखून ठेवण्यात आल्या; १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्यात आले. आणि गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल घातले तेव्हा महाराज आपली गाडी तेथे थांबवून, बरोबरच्या उच्चवर्णीय मंडळींसह, त्यांच्या हातचा चहा घेत. सेनेकाने जे पत्रात लिहिले ते येथे भर रस्त्यावर घडले. समतेचे तत्त्व मनात बाळगणे सोपे. त्याचा हुकूम काढणे कठीण, आणि तो हुकूम स्वतःच्या ओठांनी पाळून दाखविणे सर्वांत कठीण.

आता आपल्या आजच्या प्रश्नाकडे वळू. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट धरली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये व पुन्हा जुलै २०२१ मध्ये हे पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. २००५ चा पूर लोकांच्या स्मरणात होताच. २०१९ साली पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद पडला, पेठांतील दुकानांत पाणी शिरले आणि आयुष्यभराची पुंजी चिखलात गेली. अशा वेळी या शहराने जे धैर्य दाखविले ते कोणाही तत्त्ववेत्त्याने मान लववावी असे होते. तालमींची व मंडळांची पोरे पाण्यात उतरली. देवळे, मशिदी, शाळा व मंगल कार्यालये यांची दारे उघडली. कोण कोणत्या जातीचा हे विचारण्यास कोणास सवड नव्हती. या गुणाबद्दल कोल्हापूरकरांचे अभिनंदन करावे तेवढे थोडेच.

परंतु धैर्य हा विवेकाचा अर्धाच भाग आहे. दुसरा अर्धा भाग असा की, पूर ओसरल्यावर ती दोन खात्यांची वही उघडून बसावे. घाटमाथ्यावर किती पाऊस पडावा हे आपल्या हाती नाही, हे खरे. परंतु नदीच्या पूरक्षेत्रात भराव टाकून इमारती उठविणे, ओढेनाले बुजविणे, पूररेषा कागदावर ठेवून तिच्या आत परवानगी मागणे व ती मिळविणे, हे कोणी केले? हे मेघराजाने केले नाही. अलमट्टी धरणाच्या फुगवट्याविषयी दोन राज्यांत वाद चालतो; तो सरकारांनी व तज्ज्ञांनी जरूर निकालात काढावा. परंतु तो वाद सांगून आपल्या काठावरील आपलीच करणी झाकता येणार नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांस घेऊन जाणारी नाव उलटून लोक बुडाले. पूर हाताबाहेरचा होता. पुरेशा नावा व त्या चालविणारे शिकलेले हात आधीपासून तयार ठेवणे हे माणसाच्या हातचे होते. जे मनुष्याच्या हातचे होते त्यास 'निसर्गाचा कोप' असे नाव देणे, हीच ती खात्यांची सरमिसळ होय; आणि ती सरमिसळ सर्वांत अधिक सोयीची कोणास असते हे वाचकांनीच ओळखावे.

तेव्हा व्यापाऱ्यांनी माल वरच्या मजल्यावर हलविण्याची सोय व विमा यांची तजवीज वैशाखातच करावी. गृहस्थाने घर घेताना पूररेषा पाहावी. आणि नागरिकांनी मत मागावयास येणाऱ्यास रस्त्याच्या डांबराबरोबर नदीच्या काठाचाही जाब विचारावा. संकट येण्यापूर्वी त्याचे चित्र मनाशी नीट रेखाटावे, असा स्टोइकांचा एक पाठच आहे. त्यास आमच्याकडे काही लोक अभद्र बोलणे म्हणतात. परंतु पावसाळ्यापूर्वी घर शाकारणाऱ्यास कोणी अभद्र म्हणत नाही.

संकट पाण्याचेच असते असे नाही. कोणाचे कर्ज थकते, कोणाचा धंदा बसतो, कोणाचा मुलगा परीक्षेत नापास होतो. आणि आता लोकांस तोंड कसे दाखवावे, या एका विचाराने माणसे जिवावर उदार होतात. प्राचीन स्टोइकांपैकी काहींनी असह्य प्रसंगी प्राणत्याग क्षम्य मानला होता. या बाबतीत आम्ही त्यांस निःसंकोच सोडून देतो व त्यांच्याच मूळ सिद्धांताचा आधार घेतो. लोकांचे बोलणे हे हाताबाहेरचे खाते आहे. जे आपले नाही त्यासाठी जे आपले आहे ते कोणी देऊ नये. गलबत बुडालेल्या झीनोस त्या दिवशी अथेन्समध्ये कोणी ओळखत नव्हते. आज त्या दिवसाच्या श्रीमंतांची नावे कोणास ठाऊक नाहीत. आणि ज्याच्या घरी असा खचलेला मनुष्य असेल त्याने त्यास धैर्याचे व्याख्यान देऊ नये. त्याच्या शेजारी बसावे, देणेकऱ्यांशी त्याच्या वतीने बोलावे, वैद्यकीय मदत लागल्यास तीही घ्यावी. आजारास धैर्याचा अभाव समजणे हे अज्ञान होय.

अखेरीस एक लहानसा अभ्यास सुचवितो. सेनेका रोज रात्री दिवा मालविल्यावर दिवसभराच्या आपल्या वागणुकीची झडती घेत असे. आमच्या व्यापारी बंधूंस यात नवीन काहीच नाही. रोजमेळ जुळविल्यावाचून जो दुकान बंद करीत नाही त्यानेच ही आणखी एक वही ठेवावी. आज कोठे रागावलो, कोठे खोटे बोललो, कोणाचे देणे उगाच लांबविले, कोणा दुबळ्यास त्याची पायरी दाखविली, आणि जे हातचे होते त्यातील काय उद्यावर ढकलले? जमा मांडावी, नावे मांडावी, शिल्लक पाहावी व झोपावे. मार्कसने लढाईच्या खर्चासाठी राजवाड्यातील मोलाच्या वस्तू भर चौकात लिलावास काढल्या असे इतिहासकार लिहितात. आम्ही कोणास इतके करावयास सांगत नाही. परंतु अडचणीच्या वेळी कोणती वस्तू विकावयाची व कोणती कदापि विकावयाची नाही, हे मात्र प्रत्येकाने आजच ठरवून ठेवावे. वर्षप्रतिपदेस व दिवाळीस आम्ही वह्यांची पूजा करतो; त्या वहीत जे लिहिले जाते ते खरे असावे, हीच तिची खरी पूजा होय.